आतलं अस्तर

बाबा बीपीचा आकडा कालनिर्णयवर लिहितात. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात १५२/७२, १४८/७०. महिना संपला की पान उलटायच्या आधी ते आकडे एकदा वाचून काढतात. कुणी पाहुणा आला आणि त्यालाही बीपी असलं, तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुमचं किती असतं?’ मग दोघं आपापले आकडे सांगतात आणि ज्याचा कमी असेल तो जरा सैलावून बसतो.

आकडा महत्त्वाचा आहेच. पण तो दंडावरच्या एका धमनीतला, त्या एका मिनिटाचा दाब आहे. माणसाला पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक येणार की नाही, अर्धांगवायू होणार की नाही, यातला बराच मोठा भाग ठरतो तो हा दाब ज्या भिंतीवर रात्रंदिवस आदळत असतो तिच्यावर. त्या भिंतीबद्दल मी अलीकडे खूप वाचलं, डॉक्टर मैत्रिणीला पिडून विचारलं, आणि आपल्या घरांमध्ये तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही याचं वाईट वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या डोक्यात रक्तवाहिनी म्हणजे पाइप. मोटारीचं प्रेशर वाढलं की पाइप फुटतो, तसं. आजोबा गेले तेव्हा ‘डोक्यातली नस फुटली’ असंच गावभर सांगितलं गेलं. कदाचित तसं झालंही असेल. पण अर्धांगवायूच्या बहुतेक रुग्णांमध्ये नस फुटत नाही, ती बंद होते. वर्षानुवर्षं आतून खराब झालेल्या वाहिनीत गुठळी अडकते आणि मेंदूच्या त्या भागाचं रक्त तुटतं. पाइपाच्या कल्पनेत हे बसत नाही, कारण पाइप जिवंत नसतो. तो आकसत नाही, फुलत नाही, आतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग ओळखून स्वतःचं माप बदलत नाही. धमनी हे सगळं क्षणोक्षणी करते.

ते करणारा भाग डोळ्यांना दिसतही नाही. धमनीच्या भिंतीत बाहेरून आधार देणारा थर, मध्ये स्नायूंचा थर, आणि सगळ्यात आत, रक्ताला प्रत्यक्ष टेकलेलं, पेशींचं एक अस्तर असतं. एकाच पेशीच्या जाडीचं. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. फार काळ त्याच्याकडे निव्वळ आवरण म्हणून पाहिलं जायचं. रक्त आत राहावं, बाहेर झिरपू नये, एवढंच त्याचं काम, असा समज होता.

हा समज मोडला तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका प्रयोगशाळेत. रॉबर्ट फर्चगॉट तेव्हा साठी उलटलेले औषधशास्त्रज्ञ होते. सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन कोणत्या रसायनानं ते आकसतात, कोणत्यानं सैलावतात, हे पाहणं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. ॲसिटिलकोलिन हे रसायन जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडलं की वाहिन्या फुलतात, पण त्यांच्या टेबलावरच्या पट्ट्या मात्र त्याच रसायनानं आकसायच्या. १९७८ साली तंत्रज्ञाच्या हातून प्रयोगाचा क्रम थोडा बदलला आणि धमनीचा तुकडा अनपेक्षितपणे सैलावला. फर्चगॉट यांनी ती चूक म्हणून सोडून दिली नाही. कारण शोधता शोधता लक्षात आलं, की पट्ट्या कापताना त्यांची आतली बाजू कुठेतरी घासली जात होती आणि त्या घासण्यात ते एका पेशीचं अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत असलेला तुकडा फुलायचा, अस्तर गेलेला आकसायचा.

मग त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. अस्तर घासून काढलेली पट्टी घेतली आणि तिच्यावर अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी, आतल्या बाजूला आतली बाजू लावून ठेवली. ॲसिटिलकोलिन दिलं. अस्तर नसलेली पट्टीही सैलावली. म्हणजे शेजारणीच्या अस्तरातून काहीतरी पाझरून हिच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. हा निबंध १९८० साली छापून आला. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साईड हा साधा वायू आहे, हे सिद्ध व्हायला १९८७ उजाडलं. शरीर एक वायू तयार करतं, काही सेकंद टिकणारा, आणि त्या काही सेकंदांत तो शेजारच्या स्नायूला ‘सैल हो’ म्हणून सांगतो, हे तेव्हा अनेकांना पटायलाच तयार नव्हतं. १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद या तिघांना नोबेल मिळालं. ज्याच्या नावानं हे पारितोषिक आहे त्या आल्फ्रेड नोबेलची संपत्ती नायट्रोग्लिसरीनच्या डायनामाइटमधून उभी राहिली होती, आणि म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच सुचवलं होतं. आज छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी त्याच कुळातली. ती शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साईडच पुरवते. अस्तराला जे पुरेसं करता येत नाही, ते बाहेरून.

आता बीपीकडे येते. १९९० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या हातातल्या धमनीत ॲसिटिलकोलिन सोडून रक्तप्रवाह मोजला गेला. निरोगी माणसांच्या हातात रक्ताचा ओघ भरपूर वाढला, बीपीच्या रुग्णांमध्ये खूपच कमी. थेट स्नायूला सैल करणारं दुसरं औषध दिलं तेव्हा मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. स्नायू ठीक होता. त्याला निरोप देणारं अस्तर मुकं झालं होतं.

हे असं मुकं अस्तर नुसतं फुलायचं विसरत नाही. नायट्रिक ऑक्साईड कमी झाला की रक्तातल्या प्लेटलेट भिंतीला चिकटू लागतात, पांढऱ्या पेशी आत शिरतात, कोलेस्टेरॉल भिंतीत मुरतं, मधला स्नायूचा थर जाड होतो. धमनीला जिथे फाटे फुटतात, जिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घोटाळतो, तिथे हे सगळ्यात आधी सुरू होतं. माणूस त्या वेळी शेतात काम करत असतो, लग्नात जेवत असतो, काहीही दुखत नसतं.

मैत्रीण ज्या विभागात काम करते तिथे एका अभ्यासासाठी त्यांना माझ्या वयाच्या, बीपी नसलेल्या बायका हव्या होत्या. मी गेले. पलंगावर आडवं करून कोपराच्या वरच्या बाजूला सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर दोन समांतर पांढऱ्या रेषा, मध्ये काळी पट्टी. ती माझी धमनी, चार मिलिमीटरच्या आतबाहेर. हृदयाच्या ठोक्यागणिक त्या रेषा किंचित हलत होत्या. मग कोपराच्या खाली बीपीचा पट्टा बांधला आणि इतका फुगवला की हाताचं रक्तच बंद झालं. पाच मिनिटं तसंच. बोटं आधी मुंग्या आल्यासारखी झाली, मग जड, मग माझी नसल्यासारखी. पट्टा सोडला तेव्हा हातात गरम लोंढा आल्याचं स्पष्ट जाणवलं. त्या लोंढ्याची घासण अस्तराला कळते, ते नायट्रिक ऑक्साईड सोडतं आणि धमनी रुंदावते. पडद्यावर एखाद्या मिनिटात त्या दोन रेषा जराशा दूर सरकल्या. डोळ्यांना कळेल न कळेल इतक्याच. मोजमाप संगणक करतो आणि ते टक्क्यांत सांगतो. ही पद्धत लंडनमधल्या संशोधकांनी १९९२ साली मांडली. त्या खोलीत पडल्या पडल्या मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या आत कुणीतरी काम करतंय आणि त्याला मी आजवर विचारलंही नाही.

याच चाचणीवर इटलीतल्या मोडेनामध्ये झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून माझा बीपीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. पाळी गेलेल्या, उच्च रक्तदाबाच्या ४०० बायका. सगळ्यांना औषधं सुरू केली आणि सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा केली. २५० जणींच्या धमनीचं फुलणं सुधारलं होतं, १५० जणींचं नाही. बीपी दोन्ही गटांत सारखंच उतरलं होतं. कालनिर्णयवर लिहिलं असतं तर दोन्हींच्या चौकोनांत तेच आकडे दिसले असते. पुढची पाच-साडेपाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांचं अस्तर सुधारलं नव्हतं त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना कितीतरी जास्त झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीतल्याच दुसऱ्या गटानं, औषध कधीच न घेतलेल्या २२५ रुग्णांमध्ये हेच दाखवलं होतं: ज्याचं अस्तर जास्त बिघडलेलं, त्याला धोका जास्त.

आधी काय बिघडतं, दाब की अस्तर? यावर डॉक्टरांमध्येही एकच उत्तर नाही. दोन्ही एकमेकांना बिघडवत जातात. पण बीपीच्या रुग्णांच्या मुलामुलींमध्ये, स्वतःचं बीपी नॉर्मल असतानाही, अस्तराचा प्रतिसाद कमी आढळला आहे. माझे आजोबा, बाबा, आत्या, सगळे बीपीवाले. माझा आकडा आज छान आहे म्हणून मी निवांत राहावं, असं मला त्यामुळे वाटत नाही.

बाबांच्या आकड्याचंही बोलायला हवं. १५२/७२. ‘खालचं तर एकदम बरोबर आहे,’ असं ते समाधानानं सांगतात. साठीनंतर अनेकांचं असंच होतं: वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. त्याचं कारण महाधमनीत आहे. हृदयातून रक्ताचा लोंढा आला की ती ताणते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत हळूच मूळ मापाला येत रक्त पुढे ढकलते. हा ताण घेणारा इलास्टिन नावाचा धागा आपल्याला बहुतेक सगळा आईच्या पोटात आणि बालपणात मिळतो; मोठेपणी शरीर तो जवळजवळ तयारच करत नाही. आयुष्यभराच्या ठोक्यांनी, आणि वाढलेल्या दाबानं त्याहून लवकर, तो तुटत जातो आणि भिंत ताठर होते. तरुण माणसाच्या महाधमनीत नाडीची लाट सेकंदाला पाच-सहा मीटर वेगानं जाते. ताठर धमनीत तो वेग दहाच्या वर जातो, लाट लवकर परत फिरते आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्यावर येऊन आदळते. म्हणून वरचा आकडा चढतो. आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या मुख्यतः दोन ठोक्यांच्या मध्ये भरतात, म्हणजे खालचा आकडा फार उतरणं हीही काही शुभवार्ता नाही. दोन आकड्यांतलं अंतर वाढत जाणं, हे बाबांच्या महाधमनीचं वय आहे.

आत्या साताऱ्याकडच्या गावात राहते. तिचं म्हणणं असं, ‘अगं, मला कुठं काय होतंय? डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई. आणि गोळी एकदा लागली की सुटत न्हाई बघ.’ गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला गोळ्या मिळतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. सरकारी दवाखान्यात ठरावीक औषधं, ठरावीक टप्प्यांनी द्यायची, अशी ती पद्धत. गोळी दारात आली, पण आत्या ती ‘वाटलं तर’ घेते. अधूनमधून अर्धी.

तिच्या ‘काही होत नाही’ला मला राग येत नाही. ज्याला वेदना नाही त्याच्यासाठी रोज गोळी घ्यायची, हे खरोखर अवघड आहे. पण याच आजारावर गोळीच नव्हती असा काळ फार जुना नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचा वरचा आकडा ३०० च्या पुढे मोजला गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला त्याचे डॉक्टर विश्रांती, कमी मीठ आणि थोड्याफार औषधांपलीकडे काही देऊ शकले नाहीत. त्यानंतर चार वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे ५० रुग्णांवरच्या अनुभवातून मांडलं. आपल्याकडे वैद्य ती मुळी कधीपासून वापरत होते. वकिलांनी ती मोजून, नोंदून जगापुढे ठेवली. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि बीपीवर खरंच औषध असू शकतं हे जगाला दिसलं. रिसर्पिननं काहींना उदासी यायची, म्हणून पुढे ते मागे पडलं. पण मुंबईच्या माणसाचं हे काम आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

आत्यानं गोळी अर्धी करायचं खरं कारण मला फार उशिरा समजलं. तिचे पाय सुजायचे. संध्याकाळी पायातली जोडवी काढता यायची नाहीत आणि पैंजणाचा वळ उमटायचा. गोळी अम्लोडिपिनची होती. ही गोळी बारीक धमन्यांचा स्नायू सैल करते, पण शिरा तितक्या सैलावत नाहीत; त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी ऊतींमध्ये झिरपतं. मूत्रपिंड बिघडल्याची ती खूण नव्हती, आणि त्यावर उपायही होता: डोस कमी करून जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी. पण हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं आपणहून सांगितलं नाही. बायका पाय सुजल्याचं सांगत नाहीत, दिवसभर उभं राहिलं की सुजायचेच, असं धरून चालतात. घरातल्या कुणी गोळी सोडली असेल तर रागावण्याआधी हे एकदा विचारा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोळीनं किती फरक पडतो? वरचा आकडा दहानं उतरला की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतात, अर्धांगवायू पाव हिश्शाहून थोडा जास्त. अनेक चाचण्यांतील लाखो रुग्णांचा हा हिशेब २०१६ साली मांडला गेला. पण आकडा खाली आला म्हणजे अस्तर लगेच पूर्वीसारखं झालं, असं नाही. काहींचं सुधारतं, काहींचं नाही. म्हणून उशिरा सुरू केलेली गोळी आणि वेळेवर सुरू केलेली गोळी यांत, आकडा सारखा दिसला तरी, फरक राहतो.

अस्तराला स्वतःला काय आवडतं, हे मात्र बऱ्यापैकी माहीत आहे. रक्त वेगानं वाहणं. चालताना स्नायूंना रक्त जास्त लागतं, प्रवाह वाढतो, त्याची घासण अस्तराला जाणवते आणि नायट्रिक ऑक्साईड बनवणारी यंत्रणा वाढते. हिरोशिमातल्या संशोधकांनी बीपीच्या रुग्णांना बारा आठवडे, आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालायला लावलं आणि त्यांच्या अस्तराचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. न आवडणाऱ्या गोष्टींत तंबाखू पहिली. इतरांच्या सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या तरुणांच्या धमन्याही कमी फुलतात. आत्या सिगारेट ओढत नाही, पण सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावते, आणि तासभर गालात धरून बसते. निकोटीन त्या तासभरात बीपी चढवतं. मिश्री लावून ती आरोग्य केंद्रात गेली की तिथे आकडा वर, आणि ‘दवाखान्यात गेलं की वाढतंच’ हा तिचा खुलासा.

मिठाचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं, पापडातलं सगळं आलं. ज्यांचं बीपी मिठानं वाढत नाही त्यांच्यातही जास्त मिठाच्या आहारानं अस्तराचं फुलणं कमी झालेलं दिसलं आहे. खर्ड्यावाचून आत्याला जेवण जात नाही. खर्डा ठेवू द्यावा, पण पानात वर वाढलेलं मीठ बंद व्हावं, इथपर्यंत आमची तडजोड झाली आहे.

मी केली ती हाताची चाचणी दवाखान्यात रोजच्या वापरात नाही. तिला सराईत हात लागतो, खोलीच्या तापमानानं, जेवणानं, दिवसाच्या वेळेनंही ती बदलते. पण अस्तराची खबर देणाऱ्या सोप्या तपासण्या आहेत आणि त्या बीपीच्या प्रत्येक माणसानं मागून घ्याव्यात असं मला वाटतं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी, कारण शरीर न उघडता आतल्या बारीक रक्तवाहिन्या थेट बघता येतात त्या तिथे. आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. मूत्रपिंडाच्या गाळणीतही हेच अस्तर असतं. ते बिघडलं की एरवी न सुटणारं हे प्रथिन थोडंथोडं लघवीत उतरतं, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) वाढायच्या कितीतरी आधी. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. तपासणी महागही नाही.

बाबांची झाली. आत्याची पुढच्या आठवड्यात आहे, मीच घेऊन जाणार आहे. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना लागतो. आणि ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर आकडा चुकीचा वाढतो, तेव्हा तसं काही असलं तर पुढे ढकलू, एवढं तिला फोनवर सांगून ठेवलंय.